आईला काय झालंय, फादर?



ऑक्टोबर हा पवित्र जपमाळेचा महिना. १ तारखेला आपण लिझ्युच्या संत तेरेझाचा, म्हणजे आपल्या छोट्या तेरेझाचा सण साजरा करतो आणि १० तारखेला जगभर मानसिक आरोग्य दिन पाळला जातो. या दोन तारखांच्या निमित्ताने एका लहान मुलाविषयी लिहावे असे बरेच दिवस मनात होते. ते लिहिताना आम्हांला आमची स्वतःची एक चूकही सांगावी लागणार आहे.

काही वर्षांपूर्वी आम्ही दुसऱ्या एका धर्मग्रामात सेवेला होतो. तिथे सात वर्षांचा एक मुलगा रविवारच्या धार्मिक वर्गाला येत असे. वडील आखाती देशात नोकरीला, घरी आई, आजी आणि तो. (त्या घरच्यांच्या संमतीने आणि ओळख पटेल असे तपशील बदलून लिहीत आहोत.) पावसाळ्यानंतर त्याची आई हळूहळू अंथरुणाला खिळली. शाळेचा डबा आजी करू लागली. आईच्या खोलीचे दार दिवसभर लोटलेले. मुलाने विचारले की उत्तर मिळे, "आईला ताप आलाय, आवाज करू नकोस." पंधरा दिवसांनी विचारले तरीही तापच. एके दुपारी तो हळूच आत गेला आणि त्याने आईच्या कपाळाला हात लावून पाहिला. कपाळ गार होते.

त्या रविवारी वर्ग सुटल्यावर तो आमच्याकडे आला. "फादर, आईला काय झालंय?"

आम्हांला ठाऊक होते. डॉक्टरांनी नैराश्याचा आजार असल्याचे सांगितले होते, गोळ्या सुरू झाल्या होत्या. पण आम्ही त्याच्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणालो, "काही नाही रे बाळा. तू चांगला वाग, रोज प्रार्थना कर. आई लवकर बरी होईल." तो मान हलवून गेला. एका मुलाला धीर दिला, या समाधानात आम्ही दुसऱ्या मिस्साची तयारी करायला लागलो.

तीन महिन्यांनी त्याची आजी एक वही घेऊन आली. दप्तराच्या तळाशी तिला ती सापडली होती. प्रत्येक पानावर तारीख आणि तारखेपुढे एक ओळ. 'आज दूध सांडले.' 'आज प्रार्थना करताना झोप लागली.' 'आज बाईंशी खोटे बोललो.' काही दिवशी नुसतेच 'चांगला वागलो'. आणि प्रत्येक ओळीखाली लाल पेन्सिलीने तेच चार शब्द: 'आई आज उठली नाही.'

आमचा उपदेश त्याने अक्षरशः पाळला होता. चांगले वागले की आई बरी होते; आई बरी होत नाही; म्हणजे आपण पुरेसे चांगले नाही. तर्काच्या दृष्टीने त्यात काही चूक नव्हती. चूक होती ती आम्ही दिलेल्या पहिल्या वाक्यात.

खोटे, मौन आणि सत्य

मुलाला खरे सांगावे की सांगू नये, हा प्रश्न वरवर घरगुती वाटतो, पण ख्रिस्ती विचारवंतांनी त्याच्याशी फार झुंज घेतली आहे. सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकताना संत ऑगस्टिन यांचे खोटे बोलण्याविषयीचे विचार आम्ही अभ्यासले होते. या एका विषयावर त्यांनी दोन स्वतंत्र ग्रंथ लिहिले. त्यात एक उदाहरण येते. एक माणूस गंभीर आजारी आहे. त्याचा लाडका मुलगा मरण पावला आहे, हे त्याला ठाऊक नाही. 'माझा मुलगा जिवंत आहे ना?' असे त्याने विचारले तर काय सांगावे? खरे सांगावे तर धक्क्याने तोही जाईल. ऑगस्टिन कबूल करतात की अशा वेळी माणसाचे मन खोट्याकडे ओढले जाते, त्यांचे स्वतःचेही. तरीही खोटे बोलण्याची परवानगी ते देत नाहीत.

तेराव्या शतकात संत थॉमस अक्वायनस यांनी यात एक महत्त्वाचा भेद केला. खोटे बोलणे वेगळे आणि शहाणपणाने सत्य राखून ठेवणे वेगळे. पहिल्याला परवानगी नाही, दुसऱ्याला आहे. आपल्या ख्रिस्तसभेच्या १९९२ च्या कॅटेकिझममध्येही (क्र. २४८९) म्हटले आहे की, ज्याला सत्य जाणून घेण्याचा अधिकार नाही, त्याला ते सांगण्यास कोणीही बांधलेला नाही.

मग प्रश्न उरतो तो असा: सात वर्षांच्या मुलाला हा अधिकार आहे का?

शेजाऱ्याला तो नाही. चर्चच्या पायऱ्यांवर उभे राहून चौकशी करणाऱ्यालाही नाही. पण त्या मुलाला आहे, असे आम्ही आज ठामपणे म्हणतो. कारण जे घडते आहे ते त्याच्या स्वतःच्या आयुष्यात घडते आहे. आई त्याची आहे, रिकामा डबा त्याचा आहे, लोटलेल्या दाराबाहेर तो उभा आहे. आणि दुसरे असे की, आपण उत्तर दिले नाही तर तो उत्तराशिवाय राहत नाही. तो स्वतः एक उत्तर तयार करतो, आणि ते जवळजवळ नेहमीच खऱ्यापेक्षा अधिक भयानक असते.

'त्याला काय कळतंय?'

लपवाछपवीच्या बाजूने घराघरांत काही कारणे ऐकू येतात. त्यांतले पहिले हे: "एवढ्याशा पोराला काय कळतंय!"

याचे उत्तर आपली छोटी तेरेझाच देते. १८७७ साली फ्रान्समधील आलाँसाँ या गावी तिची आई झेली मार्टिन स्तनाच्या कर्करोगाने शेवटच्या आजारात होती. तेरेझा तेव्हा साडेचार वर्षांची. तिला आणि तिची बहीण सेलिन हिला रोज सकाळी एका नातलग बाईंच्या घरी नेत असत. आईच्या मृत्यूनंतर घरात धावपळ होती, या धाकटीकडे पाहायला कोणाला सवड नव्हती. त्यामुळे तिच्यापासून जे लपवायचे ते सगळे तिने पाहिले. शवपेटीचे झाकण उभे करून ठेवले होते. ते नीट दिसावे म्हणून तिला मान वर करावी लागली. ते तिला फार मोठे आणि फार उदास वाटले. मनात काय चालले होते ते ती कोणाशीच बोलली नाही. अठरा वर्षांनी, १८९५ साली, कॉन्व्हेंटमध्ये आत्मचरित्र लिहायला घेतले तेव्हा ते झाकण तिला जसेच्या तसे आठवत होते. आईच्या जाण्यानंतर आपला खेळकर स्वभाव पालटला, आपण भित्र्या आणि रडव्या झालो, आणि ते पुढे १८८६ च्या नाताळापर्यंत चालले, असेही ती सांगते.

घर प्रेमळ होते, श्रद्धाळू होते. आईबाप दोघेही पुढे संत झाले. तरीही लहान मुलीच्या मनात काय चालले आहे, हे विचारायचे राहून गेले. मग आपल्या घरांत ते राहून जात असेल तर नवल नाही.

मुलाला आजाराचे नाव कळत नसेल, पण आजीचा दबका आवाज कळतो, फोनवर बोलताना खोलीबाहेर जाणारे काका कळतात, ताटात तशीच राहिलेली भाकरी कळते. स्विस मानसशास्त्रज्ञ जाँ पियाजे यांनी मुलांच्या विचारपद्धतीचा आयुष्यभर अभ्यास केला. लहान मूल जगाकडे स्वतःला मध्यभागी ठेवून पाहते, असे त्यांनी दाखवून दिले. म्हणूनच घरात काही बिघडले की त्याला वाटते, 'माझ्यामुळेच.' योहानच्या शुभवर्तमानाच्या नवव्या अध्यायात जन्मांध माणसाला पाहून शिष्य विचारतात की पाप कोणाचे, याचे की याच्या आईबापांचे? येशू दोन्ही उत्तरे नाकारतो. आपल्या घरांत हाच प्रश्न उलटा होऊन मुलाच्या मनात बसलेला असतो: आईबाबा आजारी आहेत, पाप माझे का? येशूचे उत्तर त्यालाही लागू आहे. पण ते त्याच्यापर्यंत पोहोचवणार कोण?

घराची अब्रू

दुसरे कारण अब्रूचे. "चार लोकांत बोभाटा नको." विशेषतः बाप दारूच्या आहारी गेलेला असतो तेव्हा हे फार ऐकू येते. आदल्या रात्री काय घडले ते मुलाने ऐकलेले असते, सकाळी त्याला सांगितले जाते, "पप्पांच्या पोटात दुखतंय. शाळेत कोणाला काही सांगायचं नाही हं."

उत्पत्तीच्या पुस्तकात नोहाची गोष्ट आहे. तो द्राक्षारस पिऊन तंबूत उघडा पडला. हामने ते पाहून बाहेर सांगितले. शेम आणि याफेथ यांनी खांद्यावर वस्त्र घेतले, पाठमोरे चालत गेले आणि बापाला झाकले. आईबापांचे उणे झाकावे, असा बोध आपण यातून घेतो आणि तो योग्यच आहे. चौथी आज्ञाही तेच सांगते. पण एक गोष्ट ध्यानात घ्यावी. ते वस्त्र वाहून नेणारे दोघे कर्ते पुरुष होते, लग्न झालेले होते. ते वस्त्र आपण सात वर्षांच्या पोराच्या खांद्यावर टाकतो. घराची अब्रू सांभाळणे हे मोठ्यांचे काम आहे. मुलाने वर्गात तोंड मिटून बसावे, मित्राला घरी बोलावू नये, बापाची पावले ओळखून ताट उचलावे, ही पितृभक्ती नव्हे. हे त्याच्या वयाला न पेलणारे ओझे आहे. शिवाय झाकणे म्हणजे नाकारणे नव्हे. नोहाच्या मुलांनी बाप प्यायलेला नाही असे म्हटले नाही.

आणि जिथे मारहाण होते, मुलाच्या जिवाला किंवा शरीराला धोका असतो, तिथे तर अब्रूचा प्रश्नच उरत नाही. मुलाचे संरक्षण आधी. चौथी आज्ञा कोणत्याही मुलाला मार खात गप्प बसायला सांगत नाही. ज्या संत पौलाने मुलांना आज्ञापालन सांगितले, त्याच पौलाने इफिसकरांस लिहिताना लगेच पुढच्या ओळींत बापांनाही ताकीद दिली आहे.

तिसरे कारण आम्हां भाविकांचे खास. "भक्ती कमी पडली, म्हणून असं झालं." असे म्हणणाऱ्यांनी छोट्या तेरेझाचे वडील लुई मार्टिन यांच्याकडे पाहावे. १८८९ साली त्यांचे मानसिक संतुलन इतके ढासळले की त्यांना काँ शहरातल्या मनोरुग्णालयात ठेवावे लागले. तीन वर्षे ते तिथे होते. मुली कॉन्व्हेंटमध्ये गेल्या म्हणून बापाचे असे झाले, अशी कुजबुज लोकांनी केलीच. १८ ऑक्टोबर २०१५ रोजी पोप फ्रान्सिस यांनी लुई आणि झेली या पतिपत्नींना एकत्र संतपद बहाल केले. मनोरुग्णालयातली तीन वर्षे त्यांच्या संतपदाच्या आड आली नाहीत. मग आपल्या गल्लीतल्या आजारी बाईच्या भक्तीचे माप काढणारे आपण कोण?

किती सांगावे?

खरे सांगावे म्हणजे सगळे सांगावे असे नव्हे. शेवटच्या भोजनाच्या रात्री येशू शिष्यांना म्हणाला की, अजून पुष्कळ सांगायचे आहे, पण ते आता तुम्हांला पेलवणार नाही. त्याच रात्री गेथशेमाने बागेत तो सगळ्यांना एका ठिकाणी बसवून फक्त तिघांना पुढे घेऊन गेला आणि त्यांना आपल्या जिवाची घालमेल सांगितली. म्हणजे त्याने दुःख लपवले नाही, आणि सर्वांपुढे सारखे मांडलेही नाही. पेलेल इतके सत्य, पण सत्यच. हे माप घरातही चालते.

लहान मुलाला मुख्यतः तीन गोष्टी कळायला हव्यात. आईला किंवा बाबांना एक आजार आहे, आणि त्याला नाव आहे. तो तुझ्यामुळे झालेला नाही आणि तू त्यांना बरे करू शकत नाहीस, ते काम डॉक्टरांचे आणि मोठ्या माणसांचे. आणि तुझे जेवण, तुझी शाळा, तुझी झोप कोण पाहणार, हे ठरलेले आहे. डॉक्टरांचे निदान, पैशाची तंगी, नवराबायकोतले वाद, रात्री आईने काय काय बोलून दाखवले, हे त्याच्यापुढे नको.

"आई बरी होईल ना?" असे त्याने विचारले तर? इथे ऑगस्टिन आठवावेत. जे आपल्या हातात नाही त्याचे वचन देऊ नये. "डॉक्टर उपचार करतायत, आपण सगळे तिच्यासाठी प्रार्थना करतोय. काही दिवस ती उठेल, काही दिवस नाही. पण तुझ्यासोबत मी आहे." हे शेवटचे वाक्य मात्र बोलणाऱ्याने पाळलेच पाहिजे. मुलाला प्रार्थना जरूर शिकवावी, पण देवाला द्यायची लाच म्हणून नव्हे. त्याच्या वागण्याच्या बदल्यात देव त्याच्या आईला बरे करतो, अशा देवाची ओळख आम्ही त्या मुलाला करून दिली होती. तो देव शुभवर्तमानातला नव्हता.

आणखी एक. "आता घरातला पुरुष तूच," "तू आता मोठी झालीस, मम्मीला सांभाळ," असे मुलांना म्हणू नये. पाण्याचा पेला नेऊन द्यावा, चित्र काढून उशाशी ठेवावे, इतपत ठीक. पण आईच्या अश्रूंची जबाबदारी त्याची नव्हे. त्याने वेळेवर जेवावे, खेळावे, हसावेही. घरात आजारी माणूस असताना हसल्याबद्दल कोणी त्याला दटावू नये.

जे स्वतः या आजारातून जात आहेत त्यांनाही दोन शब्द. 'मी वाईट आई आहे, मी बाप म्हणून नालायक आहे,' असे तुमचे मन तुम्हांला सांगत असेल. "आज मला बरं वाटत नाही, पण तू मला फार आवडतोस," एवढे वाक्य अंथरुणातून मुलाला सांगता आले तर त्या दिवशी तुम्ही आईपण निभावले. आणि जगणे नकोसे वाटत असेल तर ते मनात ठेवू नका. त्याच दिवशी घरच्यांना सांगा, डॉक्टरांकडे जा. केंद्र सरकारची टेलि-मानस ही मोफत सेवा २०२२ पासून सुरू आहे. तिचा क्रमांक १४४१६, तिथे मराठीतूनही बोलता येते. अडचणीतल्या मुलांसाठी १०९८ हा क्रमांक आहे. दारूच्या व्यसनासाठी १९३५ पासून जगभर काम करणारे अल्कोहोलिक्स अनॉनिमस आहे, आणि त्यांच्या कुटुंबीयांसाठी अल-अनॉन. डॉक्टरांची गोळी घेणे म्हणजे अश्रद्धा नव्हे. तापाची गोळी घेताना आपण कोणाला विचारतो का?

धर्ममातापित्यांनो, तुमचे काय?

प्रत्येक मुलाच्या स्नानसंस्काराच्या वेळी दोन माणसे पेटती मेणबत्ती घेऊन उभी राहतात. पुढे त्यांचे काम वाढदिवसाच्या कपड्यांवर आणि लग्नातल्या फोटोवर येऊन थांबते. आमची विनंती आहे की, आपल्या धर्मपुत्राच्या किंवा धर्मकन्येच्या घरी अशी वेळ आली असेल तर हीच तुमची वेळ. आठवड्यातून एक संध्याकाळ त्या मुलाला घरी न्या. गृहपाठ घ्या, जेवू घाला, खेळू द्या. प्रश्न विचारून बेजार करू नका. तो बोलेल तेव्हा ऐका, आणि जे ऐकाल ते अंगणात नेऊ नका. धर्ममातापिता दूर असतील तर शेजाऱ्यांनी हे करावे. मुलाच्या पाठीशी घराबाहेरचे एक खात्रीचे माणूस उभे असले तरी त्याला फार आधार होतो.

त्या मुलाचे पुढे काय झाले ते सांगून थांबतो. वही वाचल्यावर आम्ही त्याच्या आईशी बोललो. डॉक्टरांचाही सल्ला घेतला. मग एका दुपारी तीच पलंगाच्या कडेला बसली, त्याला जवळ घेतले आणि तिने त्याला स्वतः सांगितले: तिला नैराश्य नावाचा आजार झाला आहे, त्यात मन फार थकते, तो त्याच्यामुळे झालेला नाही आणि त्याच्या वागण्याने वाढतही नाही. आजी आणि आम्ही तिथेच होतो. आम्ही त्याला म्हणालो, "बाळा, त्या दिवशी फादर चुकले. तुला खरं सांगायला हवं होतं."

तो बराच वेळ गप्प होता. मग त्याने आईला विचारले, "मग दूध सांडलं तर?"

"तर फडक्याने पुसायचं," आजी म्हणाली.

आई लगेच बरी झाली नाही. पुढच्या पास्काच्या सुमारास ती पुन्हा मिस्साला येऊ लागली, आणि मध्येच काही आठवडे येतही नसे. पण आता तो मुलगा रविवारी येऊन स्वतःच सांगे, "फादर, आज आईचा बरा दिवस नाही," आणि खेळायला पळे. वहीत पुढे काही लिहिलेले नव्हते.

या आठवड्यात जपमाळेचे एक दशक अशा घरांतल्या मुलांसाठी म्हणावे. आणि असे एखादे मूल आपल्या माहितीत असेल, तर जपमाळ खाली ठेवल्यावर त्याच्या घरी जाऊन यावे.

तुमचे धर्मगुरू